दरवर्षी त्याच पट्ट्यात फुटणारी जलवाहिनी : सांधा बदलण्याआधी चरातली माती तपासा

अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातली ही लाइन. १६० मिमीची पीव्हीसी, लांबी चार किलोमीटरच्या आसपास. टाकी दक्षिणेकडच्या मुरमाच्या चढावर, गाव उत्तरेला काळ्या रानात. टाकीतून पाणी उताराने गावात येतं. सगळी लाइन ठणठणीत, फक्त साखळी (म्हणजे टाकीपासून मीटरमध्ये मोजलेलं अंतर) १३५० ते १९५० हा सहाशे मीटरचा तुकडा दरवर्षी फुटायचा. पाइपची कंपनी दोनदा बदलली, सांध्याला लावायचं सोल्युशन महागाचं आणलं, फिटर बदलला. फुटणं काही थांबलं नाही.

माझ्याकडे काम आलं तेव्हा मीही आधी सांधेच पाहिले, कबूल करतो. पण खरा धागा मिळाला तो गावात पाणी सोडणाऱ्या वॉलमनच्या घरी. गळती झाली की तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला पेनने गोल करायचा, आणि तीन वर्षांच्या दिनदर्शिका खिळ्याला एकावर एक टांगलेल्या होत्या. जवळजवळ सगळे गोल दोनच ठिकाणी दाटलेले. काही एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत, बाकीचे पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या तीन-चार आठवड्यांत. हिवाळ्यात पान कोरं. पाइप खराब असता तर तो महिना बघून फुटला नसता. वॉलमन म्हणाला, "पाइपाले काय दोष देता साहेब, वावरच हालते."

तुमच्याकडे असं घडत असेल तर पहिलं काम हेच. किमान दोन वर्षांच्या गळतीच्या तारखा आणि जागा कागदावर मांडा. दाब वाढल्यामुळे होणारी गळती पंप चालू-बंद होण्याच्या वेळेशी जुळते. मातीमुळे होणारी ऋतूशी जुळते.

फुटलेला तुकडा फेकू नका

दुरुस्तीनंतर कापलेला तुकडा भंगारात जातो, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. पाइप बांगडीसारखा आडवा तुटला असेल तर तो वाकला आहे, म्हणजे खालचा आधार एकसारखा नव्हता किंवा माती वर-खाली झाली. लांबीच्या दिशेने चिरला असेल तर पाण्याचा धक्का, नाहीतर खाली टोचणारा दगड. सांध्यातून सरळ बाहेर आला असेल तर आकुंचन, किंवा जवळच्या वळणावरचा थ्रस्ट ब्लॉक (पाण्याच्या धक्क्याने नळी सरकू नये म्हणून घातलेला काँक्रीटचा ठोकळा) सरकलेला. पाइपचा गोल चपटा होऊन अंडाकृती झाला असेल तर दोन्ही कुशींत भरलेली माती ठोकलेलीच नाही. आणि लोखंडी भागाला टोकदार खड्डे पडून बारीक भोक पडलं असेल तर तो गंज, त्याची तपासणी वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

आमच्याकडे मेमधले बहुतेक तुकडे सांध्यातून ओढून निघालेले, जुलैमधले आडवे तुटलेले. उन्हाळ्यात जमीन आखडते तेव्हा पाइपला ओढते, पावसात फुगते तेव्हा उचलते. आणि सोल्युशनने चिकटवलेल्या सांध्याला ना सरकता येतं ना वळता येतं.

मग मूळ कामाची फाइल काढली. मातीचा तपासणी अहवाल होता, व्यवस्थित सही-शिक्क्यासह. नमुना एकच, टाकीच्या पायाखालचा, मुरमाचा. टाकी पडू नये म्हणून माती तपासली होती. चार किलोमीटर नळी ज्या मातीत झोपणार तिला कोणी हातही लावला नव्हता. लहान योजनांच्या फायलींत हे मला इतक्या वेळा दिसलं आहे की आता फाइल उघडताना आधी नमुना कुठला हेच बघतो.

चरात उतरून ओळख

प्रयोगशाळेत जाण्याआधी अर्धं निदान चरातच होतं. जेसीबीने दर दीडशे-दोनशे मीटरवर एक खड्डा घ्या, नळीच्या तळापेक्षा अर्धा मीटर खोल. माती बदललेली दिसली की अंतर न बघता तिथेही घ्या. दीड मीटरच्या खाली आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस उतरवू नका. काळी माती सुकी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि एका सरीनंतर अख्खा पापुद्रा सोडून देते.

खड्ड्याची भिंत खुरप्याने ताजी करून बघा. काळ्या मातीत खोलवर तिरपे, घासून गुळगुळीत झालेले चकाकणारे पृष्ठभाग दिसले तर समजा की माती वर्षानुवर्षं फुगून-आखडून स्वतःवरच घासली जाते आहे. ही खूण मी अहवालापेक्षा जास्त मानतो. पांढरे चुनखडीचे खडे दिसतील, त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसेल. उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा असतील तर त्यात तार सोडून खोली मोजा. तार नळीच्या तळापर्यंत गेली तर वेगळा पुरावा लागत नाही.

हाताच्या चाचण्या तीन. सुकं ढेकूळ बोटांत दाबा: गाळवट माती पिठासारखी चुरते, चिकण काळी अंगठा दुखवते पण फुटत नाही. ओली करून सुतळीसारखी वळा: ३ मिमी जाडीपर्यंत न तुटता वळली, पुन्हा गोळा करून पुन्हा वळता आली तर चिकणमातीचा अंश भरपूर. तिसरी, ओला गोळा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने ठोका: पृष्ठभागावर पाणी चमकून वर आलं आणि दाबल्यावर नाहीसं झालं तर तो गाळ किंवा बारीक रेती. काळी माती या ठोकण्याला दादच देत नाही.

आमच्या पट्ट्यात साखळी १३२० पर्यंत मुरूम, मग तीसेक मीटर मिसळ, आणि १३५० पासून निव्वळ काळी. दिनदर्शिकेवरच्या सगळ्यात जास्त गळत्या याच सीमेवरच्या. मुरूम जागचा हलत नाही, काळी हलते, आणि दोघांच्या मधला सांधा कात्रीत सापडतो.

रॉकेल आणि पाण्याची चाचणी

फुगणाऱ्या मातीसाठी सगळ्यात स्वस्त आणि बोलकी चाचणी म्हणजे मुक्त फुगवटा, आयएस (भारतीय मानक) २७२० चा भाग ४०. भट्टीत सुकवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती १०-१० ग्रॅम, १०० मिलिच्या दोन मोजनळ्यांत. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे ते तुलनेचं माप. (रॉकेल मिळवणं हाच आता चाचणीतला सगळ्यात अवघड भाग झालाय, रेशनवर शोधून सापडत नाही.) पाण्यातल्या आकारमानातून रॉकेलमधलं वजा करायचं, रॉकेलमधल्याने भागायचं, शंभराने गुणायचं. साखळी १५०० च्या नमुन्यात रॉकेलमध्ये १० मिलि, पाण्यात २२. म्हणजे १२० टक्के.

आयएस १४९८ मधल्या तक्त्यात ५० टक्क्यांखाली फुगवटा कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, २०० च्या वर अतिशय जास्त. आमची माती तिसऱ्या घरात. टाकीजवळच्या मुरमातल्या बारीक भागाचा फुगवटा १५ टक्केही नव्हता, आणि त्याच मुरमाच्या अहवालावर सगळी लाइन टाकली होती.

या एका आकड्यावर थांबू नका. द्रवसीमा (किती टक्के ओलाव्याला माती वाहू लागते) आणि आकार्यसीमाही (किती ओलाव्याच्या खाली ती वळताना तुटू लागते) काढून घ्या, त्याच आयएस २७२० च्या भाग ५ प्रमाणे. द्रवसीमा ५० च्या वर असलेली चिकणमाती सीएच (सगळ्यात चिकण) गटात, ३५ ते ५० सीआय, ३५ च्या खाली सीएल. पण ती ए-रेषेच्या (चिकणमाती आणि गाळ वेगळे करणाऱ्या रेषेच्या) वर आहे ना हेही बघावं लागतं: द्रवसीमेतून २० वजा करून ०.७३ ने गुणा, आकार्यांक (दोन सीमांमधला फरक) त्यापेक्षा जास्त हवा. आमची द्रवसीमा ६२, आकार्यसीमा २७, म्हणजे आकार्यांक ३५. रेषेचं उत्तर ३०.७. सीएच, शंकेला जागा नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की तो डोळे मिटून स्वीकारू नका. उघड्या डोळ्यांना काळीभोर, भेगाळलेली दिसणारी माती आणि अहवालात द्रवसीमा ३८, असं मी पाहिलं आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं: माती पाण्यात कालवून लगेच कपात भरली. चिकणमातीला पाणी प्यायला वेळ लागतो, कालवून चोवीस तास झाकून ठेवावी लागते. दुसरं कारण, नमुना भट्टीत कडक वाळवला. सीमांच्या चाचण्यांना तो हवेवर सुकवलेलाच हवा. फोन करून या दोन गोष्टी विचारा, उत्तर देताना समोरचा अडखळला तर चाचणी पुन्हा करायला सांगा.

नमुना कुठून घेतला हे तर त्याहून मोठं. जेसीबीने उकरलेल्या ढिगाऱ्यातून पिशवी भरणं म्हणजे वरची, खालची, मधली माती एकत्र करणं. खड्ड्याच्या भिंतीतून, नळीच्या तळाच्या पातळीवरून घ्या. ओलावा मोजायचा असेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा, आणि साखळी व खोली लिहिलेली चिठ्ठी आतल्या पिशवीत नको, दोन पिशव्यांच्या मध्ये. आत टाकलेली चिठ्ठी ओल्या मातीत लगदा होते.

काळी माती आणि चोपण माती एकच नव्हे

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, काम करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. पूर्णाकाठच्या बऱ्याच जमिनीत सोडियमचं प्रमाण जास्त. अशी चोपण माती फुगते तर खरीच, पण पाण्यात विरघळल्यासारखी विखुरतेही. लक्षण वेगळं असतं: नळी फुटलेली नसते, पण पावसाळ्यानंतर चराच्या खालून बिळासारखी पोकळी तयार होते आणि नळी अधांतरी लटकते.

ओळखायची युक्ती सोपी. सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ते नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि तासाभरानेही बसला नाही तर माती विखुरणारी. यात मी स्वतः एकदा फसलो. चाचणीला गावच्या बोअरचं पाणी वापरलं, ढग आलाच नाही. खारं पाणी मातीचे कण विखुरू देत नाही, त्यामुळे खारपाणातल्या पाण्याने चाचणी केली तर माती निर्दोष सुटते. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, नाहीतर पावसाचं साठवलेलं. जोडीला सामू (पीएच) बघा, ८.५ च्या वर गेला की चोपणपणाचा संशय पक्का. अशा मातीत चर भरताना जिप्सम मिसळतात, आणि चराच्या वरून पाणी वाहणार नाही अशी उंची देतात.

व्हॉल्वच्या चेंबरमधले बोल्ट

पीव्हीसी गंजत नाही म्हणून क्षाराकडे कोणी बघत नाही. पण व्हॉल्व, फ्लँज आणि त्यांचे बोल्ट लोखंडीच असतात. आमच्या लाइनवर साखळी १७८० च्या व्हॉल्वचे बोल्ट दोन वर्षांत खडूसारखे झाले होते.

इथे मातीची विद्युतरोधकता मोजायची. चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर, बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनमध्ये विद्युतदाब मोजायचा. मीटरवरचा रोध गुणिले सळयांमधलं अंतर गुणिले ६.२८. अंतर १.५ मीटर ठेवलं तर साधारण तेवढ्या खोलीपर्यंतच्या मातीचा अंदाज येतो. आम्हाला मीटरवर ०.६ ओहम मिळालं, म्हणजे सुमारे ५.७ ओहम-मीटर. १० ओहम-मीटरच्या खालची माती लोखंडाला खूप त्रासदायक धरतात. ही मोजणी मे महिन्यात करू नका, वरचा थर कोरडा असताना आकडा फसवा, मोठा येतो. आणि लोखंडी लाइन आधीच पुरलेली असेल तर सळयांची रेषा तिच्यावरून किंवा तिला समांतर जवळून नेऊ नका, प्रवाह लाइनमधूनच पळतो.

बोल्ट स्टेनलेसचे टाकले, पूर्ण फ्लँजवर गंजरोधक टेप गुंडाळली. डीआय (डक्टाइल आयर्न, लोखंडी) पाइप असता तर त्यावर पॉलिथिनची बाही चढवली असती.

आम्ही काय बदललं

सहाशे मीटरचा तुकडा नव्याने टाकला, पाइप तोच पीव्हीसी. सोल्युशनचे सांधे काढून रबर रिंगचे घेतले, कारण रिंगच्या सांध्यात नळी थोडी सरकू शकते, थोडी वळू शकते. फिटरला एकच गोष्ट दहादा सांगावी लागली: नळी सॉकेटच्या तळापर्यंत ठासू नको, खूण केली आहे तिथे थांब, आत सेंटिमीटरभर जागा राहू दे. ठासून बसवलेल्या नळीला आखडायला जागा मिळते, फुगवट्यात मागे सरायला मिळत नाही. मुरूम आणि काळीच्या सीमेवर अख्ख्या सहा मीटरच्या नळीऐवजी मीटर-मीटरचे दोन तुकडे टाकले, म्हणजे हालचाल दोन-तीन सांध्यांत वाटली जाते.

नळीखाली १५० मिमी कच (दगडाची बारीक खडी), बाजूने आणि वर १५० मिमी तीच. यात एक फसगत आहे. चिकणमातीच्या चरात कच म्हणजे जमिनीखालचा पाट, चढावरचं पाणी त्यातून वाहत खाली येतं आणि सखल जागी साठून तिथली माती भिजवत राहतं. म्हणून दर तीस मीटरला अर्धा मीटर लांबीचा, चांगल्या मळलेल्या काळ्या मातीचा आडवा बांध घातला. हे केलं नसतं तर गळतीची जागा फक्त दोनशे मीटर खाली सरकली असती.

कचच्या वर मूळचीच माती भरली, पण ढेकळं नाहीत. मूळ कामात घोळ इथेच झाला असावा. मेमध्ये खणलेली काळी माती दगडासारख्या ढेकळांनी निघते, ती तशीच ढकलली की मध्ये पोकळ्या राहतात, जूनमध्ये ढेकळं विरतात आणि चर खचतो. माती फोडून, पाणी मारून, एक रात्र मुरू दिली आणि वाफसा आल्यावर १५० मिमीच्या थरांनी धुम्मस केली. शेतकऱ्याचा वाफसा आणि प्रॉक्टर चाचणीतला (माती सगळ्यात घट्ट कोणत्या ओलाव्याला ठोकली जाते ते सांगणाऱ्या चाचणीतला) योग्य ओलावा हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ. आमच्या मातीचा प्रॉक्टरचा ओलावा २५ टक्के निघाला, सर्वाधिक कोरडी घनता १.४८ ग्रॅम प्रति घन सेंमी. ठोकलेल्या थरात कोअर कटर (मातीचा ठरावीक आकाराचा गाभा काढणारी पोलादी नळी) घुसवून काढलेली ओली घनता १.७४, ओलावा २६ टक्के. कोरडी झाली १.३८, म्हणजे ९३ टक्के. ठेकेदाराच्या मुकादमाला ९८ हवे होते. मी नको म्हटलं. काळी माती कोरडी ठेवून फार घट्ट ठोकली तर पाणी मिळताच तेवढ्याच जोमाने फुगते. ती किंचित ओल्या बाजूला, बेताची ठोकलेली बरी. रस्ता ओलांडताना अर्थात हा हिशेब चालत नाही, तिथे वरपर्यंत मुरूमच भरला, आणि त्याची घनता वाळूच्या भांड्याने (काढलेल्या खड्ड्यात किती वाळू मावते ते बघून) मोजली, कारण खडेमिश्रित मुरमात कोअर कटर शिरत नाही.

थ्रस्ट ब्लॉकचाही हिशेब पुन्हा मांडला. १६० मिमी नळी, चाचणीचा दाब ६ किलो प्रति चौरस सेंमी, काटकोनाचं वळण: धक्का साधारण १.७ टन. मुरूम चौरस मीटरला २० टन पेलेल असं धरलं तर ब्लॉकचा चेहरा ३० सेंमी चौरस पुरतो. भिजलेली काळी ५ टनच पेलेल असं धरलं तर जवळपास ६० सेंमी चौरस लागतो. जुन्या कामात सगळीकडे एकाच साच्यातले लहान ब्लॉक होते.

एक बाभूळ होती साखळी १६२० ला, चरापासून तीन मीटरवर. मोठं झाड उन्हाळ्यात आसपासची माती आणखी सुकवतं, तिथे आकुंचन सगळ्यात जास्त. झाड तोडलं नाही, लाइन आठ मीटर बाजूने नेली. त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याच्या दोन चहा-बैठका झाल्या, तो या सगळ्या कामातला सगळ्यात लांबलेला टप्पा.

दुरुस्तीबद्दल एक सांगायचं राहिलं. गळती झाली की पाण्याने आजूबाजूची माती भिजते, फुगते, आणि शेजारचा सांधा उचलला जातो. फिटर क्लॅम्प मारून तोच चिखल खड्ड्यात ढकलतो. महिन्याभरात दहा मीटरवर पुढची गळती. म्हणून गळती दुरुस्त करताना भिजलेली माती पूर्ण काढा, खड्डा दोन दिवस उघडा ठेवता आला तर ठेवा, आणि नळीभोवती कचच भरा.

काम होऊन दोन पावसाळे गेले. वॉलमनच्या भिंतीवरच्या नव्या दिनदर्शिकेवर या पट्ट्यात एकच गोल आहे, साखळी १९४० ला, ऑगस्टमधला. तिथे आम्ही खड्डा घेतलाच नव्हता, आधीच्या खड्ड्यातली माती पुढेही तशीच असेल असं गृहीत धरलं होतं. काल तिथला नमुना आणला. नळीच्या तळाशी काळी नाही, पिवळसर गाळवट काहीतरी निघालं आहे. भट्टीत १०५ अंशांवर ठेवलंय, उद्या दुपारी चोवीस तास होतील.